खालची जमीन

मांडणीवरचा पितळी पेला किणकिणला.

दुपारची वेळ होती. जनी माझ्या मांडीवर नुकतीच निजली होती. कोसमटोल्यातली सगळी माणसं धान कापायला गेलेली, कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. आधी वाटलं उंदीर असेल. मग पेल्याशेजारची वाटी वाजली, मग ताट, आणि जमिनीतून एक घरघर माझ्या पायांत चढली. जनी झोपेतच दचकली. मी तिच्या कानावर हात ठेवला आणि दारातून वाकून पाहिलं. बैलगाडीच्या वाटेने धुळीचा लोट येत होता, आणि त्यातून एक हिरवी लष्करी लॉरी शाळेपुढे येऊन थांबली.

आमचा चांदा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. राज्य बदललं तेही आम्हाला शाळेच्या पाटीवरून कळलं होतं. माझे यजमान गुणवंतराव त्या शाळेचे मास्तर. माझं माहेर आरमोरीचं. लग्न होऊन मी थेट या जंगलातल्या गोंडांच्या गावात आले, तेव्हा रात्री पानं वाजली तरी मला वाघ वाटायचा. लॉरी मात्र गावाने पहिल्यांदाच पाहिली.

लॉरीतल्या माणसांनी दुर्बिणी लावल्या, चुन्याने रंगवलेले दगड पुरले आणि संध्याकाळी निघून गेले. मग तहसिलातून माणूस आला. त्याने चावडीवर वाचून दाखवलं: लष्कराला तोफांच्या सरावासाठी मैदान हवं, त्यात कोसमटोला गाव, बोडी, रान, सगळं जाणार. अशा मैदानाला चांदमारी म्हणतात.

"चांदमारी?" लटारू म्हणाला. लटारू म्हणजे गावचा तोंडाळ माणूस; मयतीतसुद्धा लोकांना हसवायचा. "चांद मारून राह्यले का मंग? त्यानं काय केलं बिचाऱ्यानं?"

"आपलाच चांदा मारतेत बाप्पा," कोणीतरी म्हणालं.

सगळे हसले. मग हसू आपोआप थांबलं.

जनीने मात्र ते मनावर घेतलं. रात्री अंगणात ती चंद्राकडे बोट दाखवून म्हणाली, "माय, याले लपव." मी तिला पदराखाली घेतलं. लपवण्यासारखं माझ्याजवळ तेवढंच होतं.

*

कोसमटोला उंचावर आहे. घरं वर, त्यांच्या खालच्या अंगाला बोडी, म्हणजे पाणी साठवायचं लहानसं तळं. बोडीच्या मातीच्या पाळीखाली मोहाची राई, आणि राईच्या खाली धानाच्या बांद्या, म्हणजे खाचरं, पार नाल्यापर्यंत. या सगळ्या भागाला गावात एकच नाव आहे: खाली. "बुधू कुठी गेला?" "खाली." "औंदा धान कसे?" "वरचे गेले, खालचे बरे आहेत." गावाचं पोट खाली होतं. आणि माझं पहिलं बाळही खाली होतं.

तो जनीच्या आधीचा. मला ताप होता, दूध आलं नव्हतं. कोलूभाऊची सून बुधरी हिची लेक तेव्हा अंगावर पीत होती. तिने न विचारता माझ्या बाळाला उचललं आणि दुसऱ्या बाजूला लावलं. "हे बी पील आनि ते बी पील. मोजून थोडीच येते," म्हणाली. पण तो बारशापर्यंतही राहिला नाही. त्याला नावच नाही. मास्तर त्याला फडक्यात गुंडाळून नदीकाठी न्यायला निघाले, आमच्यात लेकराला काठालाच पुरतात. तेव्हा कोलूभाऊ दारात येऊन बसला. कोलूभाऊ गावचा गायता, म्हणजे देवाचं आणि जमिनीचं पाहणारा म्हातारा माणूस.

"नदीवर नका नेऊ गुरुजी," तो म्हणाला. "नदी पुरात घेऊन जाते. आमी लहान लेकरू मोहाखाली ठेवतो. मोहाच्या मुळाले दूध राह्यते. लेकरू भुकं राह्यत नाई."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेली, सातवी पास. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. पण माझ्या अंगाला तेव्हा दूध फुटलं होतं, उशिरा, आणि ते कोणी प्यायला नव्हतं. मी मान हलवली.

त्या राईत प्रत्येक घराचं कोणी ना कोणी आहे. दगड नाही, ओटा नाही, काही नाही. ज्याचं झाड त्याला ठाऊक. बायका फुलं वेचायला जातात तेव्हा आपल्या झाडाखाली जरा जास्त वेळ बसतात. बुधरीचाही एक तिथे आहे. ती कधी "मेला" म्हणत नाही. म्हणते, "माहा एक वर आहे, एक खाली आहे." जनीलाही तसंच शिकवलं गेलं. कोणी विचारलं, तुला भाऊ आहे का, तर ती सांगते, "आहे ना. दादा खाली आहे."

म्हणून तहसिलातला माणूस वाचून गेला त्या रात्री गावाला घरांची काळजी लागली होती आणि मला त्या एका झाडाची. घर काय, मास्तरांची बदली झाली असती तर आम्ही कुठेही राहिलो असतो. झाडाची बदली होत नाही.

*

मास्तरांनी अर्ज लिहिले. तहसिलात, चांद्याला, मुंबईला, आणि शेवटी दिल्लीला. मी म्हटलं, "दिल्लीले कोन वाचते हो आपलं?" तर म्हणाले, "लोकसभा आहे ना. सरकारले बी विचारणारं कोनी असते."

हे त्यांनी चावडीवरही सांगितलं. नागपूरचा पेपर आमच्याकडे शिळा होऊन यायचा. तो त्यांनी वाचून दाखवला. लोकसभेत कोणा सभासदाने विचारलं होतं, की लष्कर ठिकठिकाणी जमिनी घेतं आणि मग त्या वर्षानुवर्षं पडून राहतात, हे कशासाठी? तोफेला किती जागा लागते आणि साहेबांना किती लागते? त्यावर खर्च तपासणाऱ्या समितीतले काही जण स्वतः जागा पाहायला फिरणार होते. आमचीही.

"म्हंजे सरकारची तक्रार सरकारजवळच?" लटारू म्हणाला. "सासूची चुगली सासऱ्याजवळ! वा गुरुजी!"

"सासरा कधी कधी ऐकते रे," बुधरी मागून म्हणाली, आणि बायका खुदखुदल्या, कारण तिचा सासरा, कोलूभाऊ, समोरच बसला होता. तोही हसला.

समिती येणार म्हणून मास्तरांनी कोलूभाऊला तयार करायला घेतलं. आमच्या ओसरीवर बसवून प्रश्न विचारायचे. कोलूभाऊ प्रत्येक उत्तर त्याच्या पणज्यापासून सुरू करायचा.

"कोलूभाऊ, जेवढं विचारलं तेवढंच सांगायचं. लांबण नाई लावायची. खरं सांगायचं."

"खोटं मी सांगतो कधी? पण गुरुजी, मले हिंदी कुठी येते? माही हिंदी जंगल नाकेदाराची. 'उठाव, रख, भाग.' तेवढीच."

"मी आहो ना बाजूले. ते विचारतील, मी तुमाले सांगीन. तुमी सांगान, मी त्यायले सांगीन."

"मंग ठीक आहे," कोलूभाऊ म्हणाला.

*

माघात समिती आली. धान कधीच कापून झालं होतं. बांद्यांत नुसती खुंटं, बोडी अर्ध्यावर आलेली, मोहाची पानं पिवळी पडून गळू लागलेली. वर्षातला सगळ्यांत उदास दिसणारा महिना तो. फुलांना अजून अवकाश होता. आषाढात आले असते तर हिरवाई डोळ्यांत भरली असती. चैत्रात आले असते तर मोहाच्या फुलांच्या वासानेच त्यांना कळलं असतं, की इथे कोण कोण असतं.

दोन जीपगाड्या होत्या. एकीत तहसीलदार आणि त्यांची माणसं. दुसरीत नकाशाची गुंडाळी घेतलेला एक मेजर आणि समितीचे सभासद, दोघे तिघे. बोलत होते ते मात्र एकच: पिकल्या केसांचे, खादीतले, उत्तरेकडचे. बाकीचे चालून दमले होते. मी बायकांच्या घोळक्यात जनीला कडेवर घेऊन उभी होते. एवढा मोठा माणूस इतक्या साध्या चपला घालतो, हेच मी पाहत राहिले.

ते मेजरला सोडत नव्हते. नकाशा जमिनीवर पसरायला लावला, वर काठी ठेवली. "मेजर साहब, इतनी दूर आपकी तोप मारती है, या आपकी पेन्सिल?" मेजरचे कान लाल झाले. मास्तरांनी मला नंतर सगळं समजावलं, पण तेव्हाही एवढं कळलं, की हा माणूस आपल्या बाजूचा आहे. बुधरीने माझा हात दाबला.

मग ते कोलूभाऊकडे वळले. कोलूभाऊने "जोहार" केला. मास्तर पुढे झाले. तहसीलदारही पुढे झाले.

"आप कौन?" त्या खादीतल्या सभासदांनी मास्तरांना विचारलं.

"मैं यहाँ का शिक्षक हूँ. इनकी बात आपको समझा दूँगा."

"सरकारी शिक्षक?"

"जी."

सभासद हसले. मग तहसीलदारांकडे पाहून म्हणाले, की गावोगाव फिरून मी एक शिकलो आहे. गरीब माणूस एक बोलतो, मधला माणूस दुसरंच सांगतो. इथे कोणी मध्ये उभं राहायचं नाही. मी सोप्या हिंदीत विचारीन, बाबा आपल्या तोंडाने सांगतील. त्यांनी दोघांनाही जीपगाडीपाशी जाऊन उभं राहायला सांगितलं. मास्तरांनाही. मास्तरांनी एकदा तोंड उघडलं, पण सभासदांच्या चेहऱ्यावर इतकी माया होती, की त्यांना वाद घालवेना. किती दिवसांनी कोणी आमच्या माणसाचं त्याच्याच तोंडून ऐकायला बसत होतं.

सभासदांनी कोलूभाऊच्या खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या हाताने काठी उचलून उतारावर धरली.

"बाबा, वह महुए के पेड़, और उसके आगे नाले तक. वह ज़मीन खाली है?"

कोलूभाऊने काठीच्या रोखाने पाहिलं. त्याला प्रश्न समजला. त्याचा चेहरा उजळला.

"हव साहेब. खाली आहे."

"पूरी खाली?"

"पुरी खाली. पार नाल्यावरी."

"और पेड़ों के पास?"

कोलूभाऊ थांबला. आम्ही सगळ्या बायका थांबलो. जेवढं विचारलं तेवढंच सांगायचं, हे त्याला पाठ होतं. पण हे कसं सांगणार थोडक्यात?

"तेबी खालीच आहेत साहेब," तो हळू म्हणाला. "आमचे लहान लहान. सगळे खाली आहेत."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बुधरीने पदर तोंडाला लावला. आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. माझ्या बाळाची गोष्ट कोणीतरी दिल्लीच्या माणसाला सांगितली होती. त्यालाही कळलं होतं, कारण त्याने मान हलवली, आणि म्हाताऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"सब खाली," तो मागच्या माणसाला म्हणाला. त्या माणसाने लिहून घेतलं.

मग सभासद आमच्याकडे वळून मोठ्याने म्हणाले, "गाँव नहीं जाएगा. मैं देखूँगा." 'नहीं जाएगा' सगळ्यांना समजलं. लटारूने टाळी वाजवली, मग गावानेच वाजवली. जनीनेही माझ्या कडेवर इवले हात आपटले. जीपगाड्या गेल्या. मास्तर परत आले तेव्हा पोरं त्यांच्याभोवती नाचत होती.

"काय इचारलं?" त्यांनी कोलूभाऊला विचारलं.

"इचारलं, खाली काय आहे. मी सगळं सांगतलं गुरुजी. लेकराईचं बी सांगतलं."

"शाबास," मास्तर म्हणाले.

त्या चैत्रात आम्ही फुलं वेचायला गेलो, तेव्हा मी माझ्या झाडाखाली जनीला घेऊन खूप वेळ बसले. फुलं टपटप पडत होती. जनी एकेक उचलून मुळाशी ठेवायची आणि म्हणायची, "हे दादाचं, हे माह्यं." मी मनात त्या खादीवाल्या माणसाला आशीर्वाद दिला. माझ्या बापाच्या वयाचा होता, तरी दिला.

*

पावसाळा सरता सरता मास्तर तहसिलाहून आले, ते शाळेत न जाता थेट घरी. अंग भिजलेलं. तिथून त्यांनी अहवालातला आमच्या गावाचा भाग जसाच्या तसा हिंदीत उतरवून आणला होता. बातमी आधीच गावात पोचली होती: लष्कराने मागितली त्याच्या निम्मीही जमीन समितीने द्यायची नाही म्हटलं. लोक ओसरीवर गोळा झाले. पाऊस पडत होता, तरी लटारूने ढोल काढला होता.

"वाचा ना गुरुजी!"

मास्तर वाचत गेले आणि आपल्या बोलीत सांगत गेले. समितीने संरक्षण खात्याला फार सुनावलं होतं. इतकी जमीन मागताना कोणी विचार केला नाही, असं लिहिलं होतं. वस्ती हलवू नये, बोडी घेऊ नये. सरावाचं मैदान फक्त मोहाच्या राईपासून नाल्यापर्यंतच्या जमिनीवर करावं, कारण ती खाली आहे, आणि ती खाली असल्याचं गावच्या मुखियाने स्वतः, कोणाच्याही दडपणाशिवाय, समितीला सांगितलं आहे.

मास्तर थांबले.

"बरोबर लिवलं!" कोलूभाऊ म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "शब्दान् शब्द लिवला. मी म्हणलो नव्हतो, तो मानूस चांगला आहे म्हणून? खाली आहे, असंच सांगतलं मी."

कोणाला काही कळत नव्हतं. लटारूने ढोलावर एक थाप मारली. मास्तरांनी कागद खाली ठेवला आणि चष्मा पुसू लागले. पुसतच राहिले. मी त्यांच्या पाठीमागे चुलीपाशी होते. मला त्यांच्या मानेवरून कळलं. हिंदी मला कितीशी येते? पण आरमोरीच्या बाजारात वडिलांच्या दुकानापाशी उत्तरेकडचे व्यापारी यायचे, पोत्यांकडे बोट दाखवून "बोरा खाली करो" म्हणायचे. तो शब्द कुठून तरी वर आला.

मास्तर अजून चष्माच पुसत होते. म्हणून मी उठले. भाताची घासून ठेवलेली हंडी उचलली आणि कोलूभाऊपुढे जाऊन बसले. सासऱ्याच्या वयाचा माणूस, एरवी मी त्याच्यापुढे डोक्यावरचा पदर पडू देत नाही. हंडी उलटी केली. काही पडलं नाही.

"कोलूभाऊ, त्यायच्या बोलीत याले खाली म्हनतेत."

त्याने हंडी माझ्या हातातून घेतली. आत पाहिलं. हात घालून तळ चाचपला.

"याच्यात तं काहीच नाई."

"हव."

पाऊस कौलांवरून गळत होता. कोणीतरी लटारूच्या हातातून ढोल काढून घेतला. कोलूभाऊ त्या हंडीत पाहतच होता. मग त्याने मान वर केली आणि माझ्याकडे नाही, बुधरीकडे पाहिलं.

"मंग मी असं सांगतलं का पोरी? आपले कोनी नाईत तिथी म्हनून?"

 बुधरी पुढे आली, हंडी त्याच्या हातातून सोडवून तिने बाजूला ठेवली आणि त्याला उठवलं. "चला मामाजी," म्हणाली, "पेज थंडी होऊन राह्यली." लटारूसारखा लटारू, पण त्या दिवसापासून तो शब्द गावात कोणी कोलूभाऊसमोर उच्चारला नाही. "तिकडं" म्हणू लागले. जनीलाच तेवढं सांगता येईना. ती म्हणायचीच.

दुसऱ्या दिवशी कोलूभाऊ एक कोंबडी घेऊन राईत गेला. एकेका झाडापाशी वाकून तो काय बोलला, ते कोणी ऐकलं नाही. बुधरीने मला नंतर सांगितलं, लेकरांची माफी मागितली. म्हणाला, मी तुमाले नाई म्हणलो नाई रे, मी तुमाले आहात म्हणलो.

मास्तरांनी पुन्हा लिहिलं. या वेळी थेट त्या सभासदांना. शब्दाचा घोळ सगळा समजावून लिहिला. उत्तर आलं, हेही विशेष. फार सभ्य होतं. मला खेद वाटतो, असं होतं. पण अहवाल सभागृहापुढे ठेवला गेला आहे, समितीचं काम संपलं आहे, आणि सरकारने शिफारस मान्यही केली आहे. सरकार क्वचितच मान्य करतं. यापुढे राज्य सरकारकडे दाद मागावी. मास्तरांनी ते घडी घालून ठेवलं. म्हणाले, "त्यानं काही वाईट केलं नाई गं. हेच तर आहे. कोनीच काही वाईट केलं नाई."

मी म्हटलं, "जेवून घ्या." दुसरं काय म्हणणार?

*

दिवाळीनंतर काटेरी तार आली. आधी नाल्याच्या बाजूने, मग बांद्यांच्या कडेने, आणि शेवटी बोडीच्या पाळीखाली, राईला वेढून. खांबांवर लाल झेंड्या लागल्या. झेंडी वर असेल त्या दिवशी तोफ. सोमारी म्हातारीने पहिल्या झेंडीला देवाची समजून हात जोडले. तिला कोणी हटकलं नाही.

मैदानाच्या मधोमध नजर जावी म्हणून वरच्या अंगाचे मोह तोडले. माझं झाड उरलं की नाही, ते पाळीवरून दिसत नव्हतं. मी रोज पाण्याला जाताना घागर ठेवून पाहायची. एके दिवशी वाटायचं, आहे, तेच ते, डावीकडे झुकलेलं. दुसऱ्या दिवशी वाटायचं, ते नाहीच. बुधरी माझ्या शेजारी उभी राहायची आणि पाहायची. आम्ही एकमेकींना कधी विचारलं नाही.

कोलूभाऊ ओसरीवरून उठेनासा झाला. तोफ वाजली की जमीन हलायची, आणि तो दोन्ही तळवे जमिनीवर टेकवून बसायचा, पाळण्यातलं लेकरू थोपटावं तसा.

चैत्र आला. वासच आला आधी. पहाटे उठले तर सगळ्या घरात मोहाच्या फुलांचा गोड, जड वास भरलेला. आत फुलं पडत होती आणि वेचायला कोणी नव्हतं. झेंडी खाली होती त्या दिवशी. जनी उठली, टोपली डोक्यावर उपडी घातली आणि दारात जाऊन उभी राहिली. "चल ना माय."

मला नाही म्हणवेना. निदान तारेपर्यंत जाऊ, म्हटलं.

तारेपाशी एक पहाऱ्यावरचा जवान होता. कोवळा पोरगाच, पंजाबकडचा असावा. त्याने बंदूक खांद्यावरून काढलीही नाही. जनीकडे पाहून हसला, पण हात आडवा केला. मी माझ्या मोडक्या हिंदीत म्हटलं, फूल लेना है, थोडा बैठना है, बस.

"नहीं माई," तो म्हणाला. त्याला वाईट वाटत होतं. "हुकुम नहीं है. और उधर जाके क्या करोगी? उधर कुछ नहीं. सब खाली है."

जनीने टोपलीखालून मान वर केली. तिचा चेहरा उजळला, अगदी कोलूभाऊचा उजळला होता तसा. तिने माझा पदर ओढला.

"माय, याले बी माहीत आहे, दादा खाली आहे म्हनून!" ती म्हणाली. "मंग हा आपल्याले काऊन जाऊ देऊन नाई राह्यला?"